रीसेल फ्लॅट घेताय? टोकन देण्याआधी हे तपासा

पुण्यात रीसेल फ्लॅट बघायला आलेलं कुटुंब हॉल, स्वयंपाकघर, बाल्कनी असं फिरून अर्ध्या तासात बाहेर पडतं आणि जिन्यातच एजंटला विचारतं, "फायनल किती होईल?" गच्चीवर कुणी जात नाही. सोसायटीच्या ऑफिसात कुणी डोकावत नाही. आमच्या सोसायटीच्या कमिटीत मी बरीच वर्षं आहे, सचिवपदही सांभाळलं आहे. खरेदीदाराची आणि आमची पहिली भेट होते ती बँकेने एनओसी (ना हरकत पत्र) मागितल्यावर. तोवर टोकन गेलेलं असतं, मुलांच्या शाळेचा शोध सुरू झालेला असतो आणि काही वावगं निघालं तरी मागे फिरायची मनाची तयारी नसते.

रीसेलमध्ये चार भिंतींसोबत तुम्ही इमारत घेता, तिच्याखालची जमीन घेता, सोसायटीची शिल्लक आणि भांडणं घेता आणि आधीच्या प्रत्येक मालकाने अर्धवट ठेवलेलं कागदोपत्री कामही घेता. म्हणून तपासणी टोकनच्या आधी व्हायला हवी. पुढचं सगळं प्रामुख्याने पुण्याच्या संदर्भात लिहिलं आहे. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

पैशांचा खरा आकडा

समजा, फ्लॅट ८० लाखांना ठरतो आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देऊ शकते आणि कर्ज ७५ लाखांच्या वर गेलं की ७५ टक्के. म्हणजे कर्ज ६४ लाख, तुमचे १६ लाख. पण मुद्रांक शुल्क या हिशोबात धरलेलं नसतं. पुणे महापालिका हद्दीत सध्या ते मेट्रो आणि स्थानिक अधिभारासह ७ टक्के आहे, मुंबईत ६ टक्के. खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत मिळते. पुण्यात ८० लाखांवर ५ लाख ६० हजार झाले. नोंदणी फी ३० हजार. एजंट, वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क, थोडं प्लंबिंग आणि रंग. हातातली रक्कम २४ लाखांच्या आसपास हवी, तेव्हा कुठे हा व्यवहार श्वास न कोंडता होतो.

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरनुसार, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराने, येणारं मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागतं. रेडी रेकनरचा आकडा करारातल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल, तर फरकाची रक्कम तुमच्या उत्पन्नात धरून तिच्यावर आयकर लागू शकतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मूल्यदर तक्ता आहे. तुमच्या भागाचा दर आधी बघून घ्या.

इमारत वीस-पंचवीस वर्षांहून जुनी असेल तर बँकेत आधीच विचारा. इमारतीचं उरलेलं आयुष्य धरून बँका कर्जाची मुदत कमी करतात, त्यांचा व्हॅल्युअर किंमतही खाली आणतो. विक्रेत्याशी घासाघीस सुरू करण्याआधी हे कळलेलं बरं.

"थोडे रोख द्या, करारात कमी दाखवू" असा प्रस्ताव आला तर स्पष्ट नाही म्हणा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेण्यावर आयकर कायद्याने बंदी आहे. करारात न दाखवलेल्या रकमेवर बँक कर्ज देत नाही, आणि पुढे तुम्ही विकायला काढाल तेव्हा तो फरक तुमच्या नफ्यात मोजला जाऊन कर तुम्हीच भराल.

फ्लॅट बघताना

दोनदा जा. एकदा दिवसा आणि एकदा रात्री नऊनंतर, गाड्या परत आल्यावर. जमलं तर मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी.

आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती सर्वात जास्त भिजतात. त्या भिंतींना आतून हात लावा. कपाट उभं केलं असेल तर त्यामागे टॉर्च मारा. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत पोपडे, बुरशी किंवा एकाच पट्ट्यात नवा रंग दिसला तर विचारा की गळती कुठून होती आणि दुरुस्ती कुणी, कधी केली. संपूर्ण घराला नुकताच रंग दिलेला असेल तर जुने फोटो मागा. भाड्याने दिलं असेल तर भाडेकरूशी पाच मिनिटं बोला. पावसाळ्यात बादली कुठे ठेवावी लागते हे तो सांगतो.

सगळ्यात त्रासदायक गळती बाथरूमची. तुमच्या बाथरूमच्या छताकडे बघा, कारण ते वरच्या फ्लॅटचं बाथरूम आहे. फॉल्स सीलिंग असेल तर त्याची एक झडप उघडून वर बघा: स्लॅबवर पांढरे क्षार, गंजलेली सळई, ओला डाग. मग तुमच्याच नहाणी ट्रॅपभोवती टाइल्स पोकळ वाजतात का ते ठोकून बघा आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला जाऊन विचारा की तुमच्या बाथरूममधून त्याच्याकडे पाणी उतरतं का. हा प्रश्न विचारायचा संकोच करू नका. टाइल्स काढून नव्याने वॉटरप्रूफिंग करायचा खर्च तर आहेच, पण वर-खालच्या मालकांत यावरून सुरू झालेलं वैर वर्षानुवर्षं टिकतं, आणि फ्लॅटसोबत ते तुमच्याकडे येतं.

वरचा मजला असेल तर गच्चीवर जाऊन तुमच्या छताचा भाग बघा. जुना कोबा तडकला आहे का, डांबरी पत्रे चिकटवले आहेत का, पाणी साचल्याच्या खुणा आहेत का. वायरिंग आणि नळ बदलता येतात, त्यावर फार वेळ घालवू नका.

टेप घेऊन खोल्या मोजा. जाहिरातीत "९५० स्क्वेअर फूट" लिहिलेलं असतं, पण जुन्या इमारतींत तो बहुधा सुपर बिल्टअप आकडा असतो, जिना, लिफ्ट, पॅसेज सगळं मिसळून. घरखरेदीदारांसाठीच्या रेरा कायद्यातल्या कार्पेटमध्ये, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापराच्या क्षेत्रात, आतल्या भिंती धरतात; बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. करारात क्षेत्र चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुणा. किंमत कार्पेटच्या दराने काढली की दोन फ्लॅटची खरी तुलना होते, आणि ती बऱ्याचदा आपला पहिला अंदाज उलटवते.

खाली उतरल्यावर

पार्किंगमध्ये कॉलमांकडे बघा. उभ्या रेषेत तडा, त्यातून तांबूस ओघळ, फुगून सुटलेला गिलावा ही आतली सळई गंजल्याची चिन्हं आहेत. एखाद्या कॉलमची दुरुस्ती झाली असेल तर घाबरायचं कारण नाही. पण सगळीकडे फक्त सिमेंटचा हात मारून वर रंग दिलेला दिसला तर सावध व्हा आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीचे सरकारचे नमुना नियम) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. मुंबई-ठाण्याकडे महापालिका धोकादायक इमारतींची वर्गवारी करते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करायची इमारत.

पार्किंगचा प्रश्न कागदावर सोडवा. खांबावर फ्लॅट नंबर रंगवला आहे, एवढ्याने ती जागा विक्रेत्याची होत नाही. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पांचाली सोसायटीच्या खटल्यात सांगितलं की स्टिल्टमधलं (इमारतीखाली खांबांमधलं) किंवा उघडं पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. ती सोसायटीची सामायिक जागा आहे. म्हणून पार्किंग वाटपाची सोसायटीच्या दप्तरातली नोंद बघा आणि ती जागा नव्या सभासदाकडे जाते की नव्याने वाटप होतं हे कमिटीकडून लेखी घ्या. आणि तुमची गाडी तिथे प्रत्यक्ष लावून बघा, शेजारची गाडी जागेवर असताना.

मग गेटवर जा. बहुतेक सोसायट्यांत सुरक्षारक्षकाकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही असते आणि पाण्याच्या टँकरचीही नोंद तिथेच होते: तारीख, गाडीचा नंबर, सही. एप्रिल-मेची पानं उघडून बघायला मिळाली तर एजंटने "पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही" म्हटलं त्याची शहानिशा दोन मिनिटांत होते. वही दाखवली नाही तर टँकरची बिलं सोसायटीच्या हिशोबात असतातच.

सोसायटीचं दप्तर

इथे जास्तीत जास्त वेळ द्या. सोसायटी तुम्हाला दप्तर दाखवायला बांधील नाही, पण विक्रेता सभासद आहे आणि सहकार कायद्याच्या कलम ३२ नुसार त्याला उपविधी, शेवटचा ताळेबंद, सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त बघायचा आणि ठरावीक फी भरून प्रती घ्यायचा हक्क आहे. त्याला म्हणा, "काका, एवढे कागद काढून द्या, मग पुढचं बोलू." जो विक्रेता यावर टाळाटाळ करतो, त्याच्याकडचा फ्लॅट कितीही आवडला तरी थांबा.

मागच्या तीन वर्षांच्या वार्षिक सभांची इतिवृत्तं वाचा. खरी इमारत त्यात सापडते. लिफ्ट बदलायची म्हणून वर्गणी ठरली आणि अर्ध्या लोकांनी भरली नाही; दुसऱ्या मजल्यावरच्या दुकानदाराविरुद्ध कोर्टात केस आहे; रीडेव्हलपमेंटसाठी दोन गट पडलेत; ड्रेनेज लाइन दर पावसाळ्यात तुंबते. यातलं काहीही एजंट सांगत नाही आणि विक्रेत्याला सांगावंसं वाटत नाही. सभा दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. इतिवृत्तच लिहिलेलं नाही, सभाच झालेल्या नाहीत, हीसुद्धा माहितीच आहे.

हिशोबात तीन आकडे शोधा. सभासदांकडची थकबाकी एकूण किती. सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीत, किती शिल्लक आहे. उपविधींनुसार तो दरवर्षी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का जमा व्हायला हवा. आणि लेखापरीक्षकाने दिलेला वर्ग: अ, ब, क की ड. वीस वर्षांच्या इमारतीत सिंकिंग फंड नावापुरता असेल तर पुढची मोठी दुरुस्ती एकरकमी वर्गणीतून होणार आणि त्यात तुमचा वाटा असणार. ती रक्कम आजच किमतीत धरा.

यानंतर एकच प्रश्न, पण सगळ्यात वजनाचा: कन्व्हेयन्स झालं आहे का? म्हणजे जमिनीची मालकी बिल्डर किंवा मूळ जमीनमालकाकडून सोसायटीच्या नावावर आली आहे का? बिल्डरच्या फ्लॅटविक्रीवर नियम घालणाऱ्या मोफा कायद्याखाली सोसायटी झाल्यावर चार महिन्यांत ते करून द्यायचं असतं, पण हजारो सोसायट्यांत ते झालेलंच नाही. अशा वेळी सोसायटीला उपनिबंधकांकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स, मिळवता येतं. "झालंय" या तोंडी उत्तरावर जाऊ नका. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्ड) किंवा सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव लागलं आहे का ते बघा. जमीन अजून बिल्डरच्या नावावर असेल तर उरलेल्या एफएसआयवर, म्हणजे त्या जमिनीवर अजून करता येणाऱ्या बांधकामावर, तो हक्क सांगू शकतो, आणि इमारत पुनर्विकासाला जायची वेळ आली की सगळी गाडी याच एका कागदापाशी अडते. कन्व्हेयन्स नाही म्हणून फ्लॅट नाकाराच असं मी म्हणणार नाही, पण किंमत ठरवताना हा मुद्दा मांडला पाहिजे.

पुण्यात बऱ्याच इमारती सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालची अपार्टमेंट असतात. तिथे शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) नसतं; डीड ऑफ डिक्लरेशन आणि विक्रेत्याच्या नावचं डीड ऑफ अपार्टमेंट बघायचं, त्यात जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो.

सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट उलटं करून मागची बाजू बघा. प्रत्येक हस्तांतरणाची तारीख आणि नाव तिथे असतं, आणि शेवटचं नाव विक्रेत्याचंच हवं. आमच्याकडे एक तरुण जोडपं एनओसीसाठी आलं होतं. टोकन म्हणून मोठी रक्कम देऊन झाली होती. सर्टिफिकेटवर शेवटचं नाव विक्रेत्याच्या आईचं होतं, त्या वारल्या होत्या आणि विक्रेता फक्त नॉमिनी होता. त्याला दोन बहिणी होत्या. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी त्याच्याशी पत्रव्यवहार करते, पण फ्लॅटवर हक्क सगळ्या वारसांचा असतो. दोघी बहिणींनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं तेव्हा व्यवहार पुढे सरकला, आणि त्यात कित्येक महिने गेले. हे सर्टिफिकेट पहिल्या भेटीत पाहिलं असतं तर एवढी घालमेल झाली नसती.

हस्तांतरणासाठी महापालिका हद्दीत सोसायटीला जास्तीत जास्त २५ हजार रुपये अधिमूल्य घेता येतं. त्यावर "इमारत निधी", "ऐच्छिक देणगी" अशा नावाने लाखांत मागणी झाली तर ती देणं बंधनकारक नाही. फ्लॅट पुढे भाड्याने द्यायचा असेल तर बिनभोगवटा शुल्कही (मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी घेते ते) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही.

मालकीची साखळी

बिल्डर आणि पहिला खरेदीदार यांच्यातल्या करारापासून आजच्या विक्रेत्यापर्यंत प्रत्येक करार हवा. प्रत्येकासोबत नोंदणीची पावती आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा. मधला एक करार नोंदवलेलाच नाही किंवा त्यावर मुद्रांक कमी भरला आहे असं निघालं तर आजचा खरेदीदार अडकतो, म्हणून झेरॉक्सवर समाधान मानू नका. मूळ कागद हातात घेऊन बघा. मूळ करार हरवला असेल तर पोलिसांकडची तक्रार, वर्तमानपत्रातली जाहीर सूचना आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून काढलेली प्रमाणित प्रत मागा.

इंडेक्स टू तुम्ही स्वतः नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर शोधू शकता. पण त्यावर थांबू नका. स्वतःचा वकील लावून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध अहवाल) काढून घ्या. बँकेचा वकील बँकेचं हित बघतो. वकिलाला मराठी आणि इंग्रजी दैनिकांत चौदा दिवसांची जाहीर सूचनाही द्यायला सांगा. कुणाचा दावा असेल तर तो तेव्हाच पुढे येतो.

विक्रेत्याचं कर्ज चालू असेल तर मूळ कागद त्याच्या बँकेत असतात. अशा फ्लॅटना विनाकारण घाबरू नका, उलट एका बँकेने ते कागद एकदा तपासलेले असतात. बँकेकडून थकबाकीचं पत्र आणि ताब्यातल्या कागदांची यादी घ्या. तुमची बँक त्यांच्या खात्यात थेट पैसे भरते आणि कागद परस्पर ताब्यात घेते. विक्रेत्याच्या हातात रक्कम देऊन "तुम्ही कर्ज फेडा" असं कधीही करू नका. याशिवाय गहाणाची नोंद आहे का हे गहाणांची केंद्रीय नोंद ठेवणाऱ्या सरसाईच्या संकेतस्थळावर थोडी फी भरून कुणालाही बघता येतं.

कुलमुखत्यारपत्रावर विक्री होत असेल तर दोन गोष्टी. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केलं की नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही. म्हणून "पॉवर ऑफ ॲटर्नीवर घेतलेला फ्लॅट" मालक म्हणून विकणाऱ्यापासून दूर राहा. परदेशातल्या मालकाच्या वतीने त्याचे वडील सही करणार असतील तर चालतं, पण मुखत्यारपत्रात विक्रीचा अधिकार स्पष्ट हवा, भारतात आल्यावर त्यावर मुद्रांक भरलेला हवा, आणि मालकाशी स्वतः व्हिडिओ कॉलवर बोला. मालक हयात नसेल तर ते मुखत्यारपत्र संपलेलं असतं.

परवानग्या आणि जमीन

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला पालिकेने दिलेली परवानगी, रोजच्या बोलण्यातलं ओसी, मिळालंय का आणि ते तुमच्या मजल्यापर्यंत आहे का हे बघा. काही इमारतींत ते फक्त खालच्या मजल्यांपुरतं असतं. वरळीच्या कॅम्पाकोला कंपाउंडमध्ये मंजुरीपेक्षा कितीतरी जास्त मजले चढवले गेले आणि तिथे दोन-तीन दशकं राहिलेल्या लोकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊनही ते वाचवता आले नाहीत. मंजूर नकाशा मिळवून फ्लॅटशी ताडून बघा: बंदिस्त केलेली बाल्कनी, पत्रा टाकून खोली झालेली टेरेस, भिंत पाडून जोडलेले दोन फ्लॅट. वाढवलेल्या जागेचे पैसे मोजू नका.

इमारत २०१७ नंतरची असेल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा, क्रमांक असेल. तो बघा, पण पालिकेची परवानगी वेगळी पडताळा. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींना महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे क्रमांक मिळवले गेले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचे आदेश दिले. तिथल्या कुटुंबांनी कर्ज काढून, मुद्रांक भरून, नोंदणी करून घरं घेतली होती. दस्त नोंदवला जाणं हा इमारत कायदेशीर असल्याचा पुरावा नाही, हे आपल्याकडे अजूनही लोकांना कुणी नीट सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. पालिकेच्या बांधकाम विभागात प्रारंभ प्रमाणपत्राचा (बांधकाम सुरू करायची परवानगी) क्रमांक आणि तारीख देऊन विचारा. दाद मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. रेरातली इमारत पाच वर्षांच्या आतली असेल तर बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर असते आणि नंतर फ्लॅट विकत घेणाऱ्यालाही ती मागता येते.

सातबारा महाभूलेखवर दिसतो. त्यावर "भोगवटादार वर्ग २" असेल तर जमीन सरकारने अटींवर दिलेली आहे, आणि विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी व शुल्क लागू शकतं. नवी मुंबईत सिडकोची जमीन ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने असते आणि सिडकोच्या दप्तरात हस्तांतरण करून घ्यावं लागतं. म्हाडाच्या घरांना म्हाडाची परवानगी लागते. पुण्याच्या कडेला गुंठेवारीच्या, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेल्या छोट्या, तुकड्यांवर उभ्या राहिलेल्या इमारतींत फ्लॅट स्वस्त मिळतो, पण कर्ज आणि पुढची विक्री दोन्ही अडतं. माझं मत विचाराल तर त्यात पडू नये.

नदी, ओढा, रस्ता

पुण्यात १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर सगळ्यांना ठाऊक आहे, पण घर घेताना अलीकडचे पूर आठवायला हवेत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने सहकारनगर, अरण्येश्वर, बिबवेवाडीच्या बाजूला सोसायट्यांच्या भिंती पाडल्या, आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पार्किंग बुडून पाणी वर चढलं. निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. विकास आराखड्याच्या नकाशावर दोन्ही रेषा असतात. नुसती नदी बघू नका. ओढा, नाला, बुजवलेला नाला यांचाही मागमूस काढा. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा की पाणी कुठवर आलं होतं. तो हाताने उंची दाखवतो.

त्याच नकाशावर डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता आणि आरक्षणं बघा. समोरचं मोकळं मैदान बागेसाठी राखीव आहे की तिथून २४ मीटरचा रस्ता जाणार आहे, हे झोन दाखल्यातून कळतं. वाघोलीसारखी गावं जून २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण हद्दीत येणं आणि नळाला पाणी येणं यात वर्षं जातात. तिकडे घर घेणाऱ्यांनी टँकरचा महिन्याचा खर्च देखभाल शुल्कात किती येतो हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

टोकन, करार, नोंदणी

सगळं पटलं की टोकन. रक्कम लहान ठेवा आणि ती चेकने किंवा ऑनलाइन द्या. विसार पावतीवर लिहून घ्या: टायटलमध्ये (मालकी हक्कात) दोष निघाला, बँकेने कागदांमुळे कर्ज नाकारलं किंवा विक्रेत्याने ठरलेले कागद दिले नाहीत, तर पूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत. पंखे, गीझर, मॉड्युलर किचन, कपाटं यांपैकी काय मागे राहणार तेही यात येऊ द्या.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विक्रेत्याला देताना १ टक्का टीडीएस कापून सरकारजमा करणं तुमची जबाबदारी आहे, ज्या महिन्यात कापला तो संपल्यावर ३० दिवसांच्या आत. ८० लाखांच्या व्यवहारात ८० हजार. दोन भाऊ निम्म्या-निम्म्याचे मालक असले तरी मर्यादा एकूण किमतीला लागते. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर हा १ टक्का पुरत नाही, कपात बरीच जास्त असते आणि पद्धतही वेगळी. करार व्हायच्या आधी चार्टर्ड अकाउंटंटला गाठा, कारण कमी कापलेला कर तुमच्याकडून वसूल होतो.

करारावर सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी व्हावी लागते. नोंदणीच्या दिवशी मसुदा पुन्हा वाचा. फ्लॅट क्रमांक, मजला, सर्व्हे नंबर, कार्पेट क्षेत्र, पार्किंग, नावांची स्पेलिंग. ऑपरेटरच्या स्क्रीनवर दिसणारी माहितीच इंडेक्स टूमध्ये जाते. चूक राहिली तर चूकदुरुस्ती दस्तासाठी विक्रेत्याला पुन्हा बोलवावं लागतं, आणि पैसे मिळाल्यावर तो तितक्या तत्परतेने येत नाही.

ताबा घेताना किल्ल्यांसोबत ताबा पत्र, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, मिळकत कराची आणि विजेची शेवटची भरलेली बिलं घ्या. महावितरणचं मीटर, गॅस आणि मिळकत कर तुमच्या नावावर करून घ्या. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळकत करात ४० टक्के सवलत असते. त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. आधीच्या मालकाने फ्लॅट भाड्याने दिला असेल तर बिल सवलतीशिवाय येत असण्याची शक्यता आहे, तेव्हा पहिलं बिल नीट बघा. सोसायटीत सभासदत्वाचा अर्ज नोंदणीनंतर लगेच द्या आणि पोच घ्या. सोसायटीने त्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. शेअर सर्टिफिकेटवर तुमचं नाव चढलं की त्याच आठवड्यात नामनिर्देशनाचा अर्ज तीन प्रतींत भरून कमिटीकडे द्या आणि एक प्रत शिक्का मारून घरी ठेवा.